नदीकाठचा प्लॉट आणि बाहेरकाठा

खोपोलीच्या शिळफाट्यावरून पळसदरीमार्गे कर्जतकडे निघा किंवा जुन्या महामार्गाने खालापूरकडे, रस्त्याच्या कडेला प्लॉटच्या पाट्या सुरू होतात. डोंगराचा देखावा, मुंबई हाकेच्या अंतरावर, आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत ‘रिव्हर टच’. गिऱ्हाईक बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, सुट्टीचा दिवस गाठून येते. पाताळगंगा, उल्हास किंवा पेज त्या वेळी गुडघाभर पाण्याने गोट्यांवरून खळाळत असते. काठ पुरुषभर उंच, वर करंज-उंबराची सावली. इथे एक भिंत घालू, पाण्यात उतरणारा लाकडी डेक बांधू, सांजवेळी पाय सोडून बसू, असे बेत तिथल्या तिथे ठरतात आणि सौदाही.

मे महिन्यातले हे पाणी आले कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलायचा, तो दोन-तीन दिवसांत समुद्राला पोचवायचा आणि शिमग्याच्या सुमाराला डोहांपुरते उरायचे, हा त्यांचा स्वभाव. पाताळगंगा आणि पेज याला अपवाद ठरल्या त्या टाटांच्या वीजघरांमुळे. लोणावळा, वळवण आणि शिरोता या घाटमाथ्यावरच्या तलावांतले पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली उतरवून खोपोलीला वीज तयार होऊ लागली ती १९१५ मध्ये. १९२२ मध्ये ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. हे पाणी मुळात इंद्रायणीच्या खोऱ्यातले, म्हणजे भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला जाणारे. जनित्रे फिरवून झाल्यावर ते खोपोलीला पाताळगंगेत आणि भिवपुरीला पेज नदीतून उल्हासात येते. रसायनीचे कारखाने आणि बदलापूर-अंबरनाथची नळयोजना त्यावर उभी राहिली, आणि शंभर वर्षांनी ‘रिव्हर टच’ प्लॉटचा भावही त्यावरच चढला.

म्हणजे गिऱ्हाइकाला उन्हाळ्यात दिसते ती झडपांमधून मोजून सोडलेली नदी. काठावर भिंत बांधायची असते ती मात्र जुलैतल्या नदीशी गाठ घालण्यासाठी.

ती जुलैतली नदी या भागाने अनेकदा पाहिली आहे. २६ जुलै २००५ चा दिवस मुंबईच्या नावाने लक्षात राहिला, कारण सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पण त्याच पावसाने उल्हासचे खोरेही बुडवले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासचे पाणी रुळांवर आले आणि कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकून पडली. हजाराहून अधिक प्रवाशांना होड्या लावून बाहेर काढावे लागले. २२ जुलै २०२१ ला कर्जत परिसरात पुन्हा घरांत पाणी शिरले. १९ जुलै २०२३ ला पाताळगंगेने धोक्याची पातळी ओलांडली आणि त्याच रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अठरा-एकोणीस वर्षांच्या आतली ही यादी आहे, आणि ती पुरी नाही.

अशा नदीच्या काठी कुठवर जायचे, याचे उत्तर जलसंपदा विभागाने दोन रेषांत दिले आहे. १९८९ च्या परिपत्रकापासून महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पसरेल ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जाईल ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषांमधला नियंत्रित. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ मात्र बहुतेक जण चुकीचा लावतात. २००५ ला पूर येऊन गेला, आता २०३० पर्यंत काळजी नाही, असे गणित मांडतात. प्रत्यक्षात त्या आकारमानाचा पूर दर वर्षी येण्याची शक्यता शेकडा चार असते, मग आदल्या वर्षी काहीही झालेले असो. वीस वर्षांच्या कर्जावर निळ्या रेषेपाशी घर बांधले, तर कर्ज फिटण्याआधी तसा पूर किमान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के भरते. लाल रेषेचा पूरसुद्धा त्याच वीस वर्षांत येण्याची शक्यता शेकडा अठरा आहे. जो माणूस औषधाच्या चिठ्ठीवर असा आकडा दिसला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, तोच माणूस इथे इसार देऊन मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट खरेदीखतापूर्वी पाहायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे नदीनाल्यांचे पात्र राज्याच्या मालकीचे. सातबाऱ्यावर जमीन काठापर्यंत असली तरी पात्रात घातलेला पाया, उतरवलेल्या पायऱ्या, खांबांवरचा डेक ही आपल्या जमिनीतली बांधकामे नव्हेत.

आता काठ तुटतो कसा ते पाहू. पूर आला, पाणी जोरात आले, माती वाहून गेली, इतके ते सरळ नसते. नदी वळण घेते तिथे पृष्ठावरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे लोटले जाते, तिथे खाली बुडी मारते आणि तळातून आतल्या काठाकडे परतते. या मळसूत्री फिरण्यामुळे बाहेरचा काठ तळातून खोदला जातो आणि ती माती, वाळू आतल्या काठाला साठते. म्हणून वळणाच्या एका बाजूला कडा आणि डोह, तर समोर रेतीची पुळण. डोहावरची जागा दिसायला सुंदर, पाणी बारमाही खोल. प्लॉट पाडणारा तिलाच जास्त भाव लावतो. नदी त्या काठाला खाऊनच तो डोह तयार करते, हे काठ पाहूनच ओळखता येते. झाडांची मुळे उघडी पडलेली, काठाला उभे तडे, पायथ्याशी कोसळलेल्या मातीचे ढीग.

वाहत्या पाण्याची दगड हलवण्याची ताकद वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला की पाणी चौसष्टपट वजनाचा दगड ढकलू शकते. मे महिन्यात ज्या गोट्यांवर पाय ठेवून फोटो काढले, ते जुलैत तळाशी गडगडत जात असतात. पुराच्या दिवशी काठावर उभे राहिले तर तो आवाज ऐकू येतो.

आणि बरेच काठ पूर चढताना नव्हे, ओसरताना कोसळतात. दोन दिवस तुडुंब पाण्यात राहिलेली माती पाणी पिऊन जड झालेली असते. नदी भरलेली असते तोवर बाहेरचे पाणीच त्या काठाला आधार देते. घाटमाथ्यावरचा पाऊस थांबला की इथल्या नद्या काही तासांत मीटर-दोन मीटर उतरतात. बाहेरचा आधार जातो, आतले पाणी आतच राहते, आणि उघडीप मिळाल्यावर, उन्हात, काठाचा मोठा लगदा सरळ खाली बसतो.

हेच दुखणे काँक्रीटच्या संरक्षक भिंतीलाही होते. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी तुंबून राहिले तर नुसत्या पाण्याचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेचार टनांच्या आसपास जातो, मातीचा वेगळा. म्हणून भिंतीत जागोजागी नळ्यांची भोके ठेवतात, ज्यांना साइटवर सगळे वीप होल म्हणतात, आणि त्यांच्या मागे खडीचा थर घालतात. खडी घातली नाही तर भोकांतून पाण्याबरोबर मातीही निघून जाते आणि वरची हिरवळ एके दिवशी खचते. भोके ठेवली पण मागे लाल मातीचा भराव ठोकला तर ती दोन पावसांत बुजतात. खर्च वाचवायला सगळ्यांत आधी कात्री लागते ती या खडीला आणि पायाच्या खोलीला, कारण दोन्ही गोष्टी काम झाल्यावर दिसत नाहीत.

पायाची खोली हा तर सगळ्याचा गाभा. नदीकाठच्या भिंती क्वचितच मध्यावर मोडतात. त्या पायथ्याशी उकरल्या जातात आणि अखंड पालथ्या पडतात. गुळगुळीत उभी भिंत पाण्याला धरून ठेवत नाही. भिंतीला घासून जाणारे पाणी वेग घेते आणि तळ खोदते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंजाबच्या नद्यांवर रेल्वेचे पूल बांधणाऱ्या अभियंत्यांनी यावर एक साधा इलाज काढला. बांधाच्या पायथ्यापासून पात्रात दगडांचा सैल पट्टा पसरून ठेवायचा, अपेक्षित खोदाईच्या साधारण दीडपट रुंद. पुराने तळ उकरला की पट्ट्यातले दगड त्या खड्ड्यात आपोआप घसरतात आणि उतारावर चिलखतासारखे बसतात. नदीशी झुंजण्याऐवजी तिच्या खोदाईचाच उपयोग करून घेणारी ही युक्ती आजही नदीकाठच्या कामांच्या आराखड्यांत असते.

कर्जत-खालापूरच्या काठांना एकसंध काँक्रीटपेक्षा गॅबियन जास्त मानवतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेच्या पेट्या, त्यांत हाताने रचलेला डबर, पेट्या एकमेकींना तारेने शिवलेल्या. तळ थोडा खचला तर गॅबियनची भिंत वाकते, बसते, पण फुटत नाही. पाणी आरपार जाते म्हणून मागचा रेटा साठत नाही. मागे जिओटेक्स्टाइलचे कापड लावले की माती आत आणि पाणी बाहेर. दगड मात्र खाणीतला, कोनदार हवा. नदीतले गोल गोटे भरले की ते एकमेकांत अडकत नाहीत, पेटी फुगते. नदीतलेच गोटे उपसून काठाला लावण्याची हौस तर दुहेरी नुकसानीची, कारण तळावरचे गोट्यांचे आवरण निघाले की खालची माती नदीला मोकळी मिळते.

जिथे उतार द्यायला जागा आहे तिथे भिंतच नको. काठ दीड-दोनास एक असा तिरपा छाटून, खाली दगडी पिचिंग आणि वर वाळा, निरगुडी, वाळुंज, बांबू लावावा. वाळ्याची मुळे सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात. पहिले दोन पावसाळे हे काम नाजूक असते. त्यानंतर ते दर वर्षी मजबूत होत जाते, आणि हे भाग्य काँक्रीटच्या नशिबी नाही. अडचण इतकीच की तिरपा काठ जमीन खातो. गुंठ्याला लाखांत मोजलेली जागा नदीकडे तिरकी सोडून द्यायची, याला छाती लागते.

मग उलटे काम सुरू होते. भिंत पात्रात दोन-तीन मीटर पुढे सरकवायची, मागे मुरमाचा भराव टाकायचा आणि सपाट जागा वाढवून घ्यायची. पात्र तेवढे अरुंद झाले, तेच पाणी कमी जागेतून जाऊ लागले, म्हणजे वेग वाढला. आता ते समोरचा काठ कापते, किंवा भिंतीच्या शेवटच्या टोकामागे भोवरा घालून शेजाऱ्याची माती काढते. शेजारी अनेकदा आदिवासी किंवा कुणबी शेतकरी असतो, त्याची भाताची खाचरे नदीला टेकलेली. त्याच्याकडे गॅबियनचे पैसे नसतात. पुढच्या पावसात भिंतीचे टोक उघडे पडले की पाणी मागून शिरते आणि भिंतवालाही बुडतो. म्हणून कुठल्याही संरक्षक भिंतीची दोन्ही टोके काठात आतवर वळवून घ्यावी लागतात, हा पाठ्यपुस्तकातला पहिला नियम. पण मुळात काम प्लॉटच्या हद्दीइतके नव्हे, वळणाइतके लांब असायला हवे. नदीला सातबारा कळत नाही.

नेदरलँड्ससारख्या देशाने, ज्याचे सगळे आयुष्य बांध घालण्यात गेले, या शतकाच्या सुरुवातीला उलट दिशा धरली. ‘नदीला जागा’ या कार्यक्रमात तिथे तीसहून अधिक ठिकाणी नद्यांना पसरायला वाव दिला गेला. नायमेगन शहरासमोर वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे नेला आणि त्यासाठी पन्नासएक घरे हलवली. पूर आला की पाण्याची पातळी शहरापाशी कमी राहावी, एवढाच हिशेब.

पाण्यात उतरायचे कसे, हा प्रश्नही जुनाच. पातळी बदलत्या पाण्याशी जुळणारा धक्का आपल्याकडे शतकानुशतके बांधला गेला, तो म्हणजे घाट. खोपोलीचा दगडी तलाव नाना फडणवीसांनी बांधवला. बोरघाट चढण्यापूर्वी माणसे आणि जनावरे तिथे पाणी पीत. वाईजवळ मेणवलीला कृष्णेवरचा घाटही त्यांचाच. घाट म्हणजे एकाच वेळी काठाचे संरक्षण आणि उतरण्याची सोय: पाणी कितीही चढो-उतरो, एखादी पायरी पाण्याशी लागतेच. लाटेचा किंवा प्रवाहाचा जोर पायऱ्यांवर टप्प्याटप्प्याने मोडतो. दगडाचे वजन इतके की पूर वरून गेला तरी बांधकाम जागचे हलत नाही.

आजच्या फार्महाऊसचा खांबांवरचा डेक याच्या नेमका विरुद्ध. पुरात मोठमोठे ओंडके, बांबूची बेटे, प्लास्टिक वाहत येते. खांबांत ते अडकते, बघता बघता तिथे बांध तयार होतो आणि सगळा रेटा चार खांबांवर येतो. ज्यांना बोटीतून उतरायचीच हौस आहे, त्यांच्यासाठी शहाणपणाचा मार्ग म्हणजे सुटा, तरंगता फलाट, जो मे अखेरीस उचलून वर ठेवता येईल.

पाताळगंगेच्या काठाने खाली चालत गेले तर आपट्यापाशी नदीचा स्वभाव पालटतो. इथवर भरती पोचते. गलबतांच्या काळात आपटा हे बंदर होते. पुढे खारपाड्याच्या पुलाखालून ती धरमतरच्या खाडीकडे जाते आणि दोन्ही तीरांना खारेपाट लागतो. वरच्या प्लॉटवाल्याला जे आज शिकायचे आहे ते इथल्या शेतकऱ्यांनी चिखलात उभे राहून पिढ्यानपिढ्या केले आहे.

पेण, अलिबाग, पनवेलच्या खारेपाटातली भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. खाडीच्या बाजूने मातीचा लांबच लांब बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात. पावसाचे पाणी बाहेर सोडायला त्यात उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने तिची लाकडी झडप बाहेर उघडते. भरतीला खाडीचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. ना इंजिन, ना वीज. बाहेरकाठ्याच्या समोर तिवरांचा पट्टा राखलेला, कारण लाट तिथेच थकते. बांध फुटला की खांड गेली म्हणायचे. खांड गेली म्हणजे एका रात्रीत शेकडो एकरांत खारे पाणी, आणि मग पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत जमीन नापीक. या जमिनींसाठी कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा भाताच्या जाती काढल्या. पण उधाणाचे पाणी सतत आत येत राहिले तर कुठलीच जात टिकत नाही.

बाहेरकाठा टिकला तो मातीमुळे नव्हे. मातीचा बांध दर वर्षी बसतो, लाटांनी झिजतो, खेकडे त्याला बिळे पाडतात आणि त्या बिळांतून झिरपणाऱ्या पाण्यानेच बहुतेक खांडी जातात. त्यावर उपाय होता ‘जोळ’. बांधामागे ज्यांची ज्यांची शेते, त्या सगळ्यांनी मिळून बांधाची देखभाल करायची. प्रत्येक घराने माणसे द्यायची, उधाणाच्या दिवसांत नजर ठेवायची, बीळ दिसले की चिखल ठोकायचा. ज्याचे शेत बांधापासून लांब आहे त्यालाही सूट नाही, कारण खांड गेली तर पाणी त्याच्याही बांधावर थांबणार नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या शिलोत्री पद्धतीत बाहेरकाठ्याच्या देखभालीपोटी कुळांकडून धान्य घेतले जाई. ते घेणाऱ्याने काम केले तर ठीक, नाही तर कुळ दोन्हीकडून नागवले जाई. १९५५ च्या कायद्याने हे शिलोत्री हक्क रद्द झाले. त्याआधी १९४८ मध्ये आणि नंतर १९७९ मध्ये खारजमिनींचे कायदे येऊन अनेक बांध सरकारी योजनांत गेले. अंदाजपत्रक, मंजुरी, ठेकेदार या वाटेने दुरुस्ती होऊ लागली आणि जोळ सैल झाली. खांड बुजवण्याला दिवस महत्त्वाचे. आज पाच फुटांची असलेली खांड पुढच्या उधाणाला पन्नास फुटांची होते. बीळ दिसल्या दिवशी चिखल ठोकणारा माणूस गेला, ही हानी कुठल्याही यंत्राने भरून निघालेली नाही.

धरमतर खाडीच्या मुखाशी रेवस, आणि त्याच्या पुढे मांडवा. इथे गोष्ट लाटांची होते. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, म्हणजे दीड मजला. त्यामुळे बोट सकाळी ज्या उंचीला लागली त्या उंचीला दुपारी लागत नाही. जुन्या जेट्टींना म्हणूनच उतरत्या पायऱ्या आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो सेवा सुरू झाली, तेव्हा पायऱ्यांनी भागणार नव्हते आणि बोट शांत पाण्यात उभी राहावी म्हणून लाटरोधक बांधही लागला. लाटा अडवल्या की तिथले पाणी संथ होते, आणि संथ पाण्यात गाळ बसतो. म्हणून असा धक्का बांधला की गाळ काढण्याचे काम कायमचे मागे लागते. खांबांवरच्या जेट्टीखालून वाळू वाहत राहते, भरीव धक्का ती अडवतो आणि पलीकडच्या पुळणीला उपाशी ठेवतो.

समुद्रासमोर उभी भिंत बांधणे हे नदीपेक्षाही महाग पडते. लाट भिंतीवर आपटून परतते आणि परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. काही वर्षांत भिंत राहते, पुळण जाते. दगडांचा तिरपा धूपप्रतिबंधक बंधारा लाटेचा जोर आपल्या फटींमध्ये जिरवतो. त्यातला दगड किती मोठा हवा, याचे गणित कडक आहे: लाटेची उंची दुप्पट तर दगडाचे वजन आठपट. एवढे मोठे दगड खाणीतून मिळेनासे झाले तेव्हा १९५० च्या सुमाराला फ्रान्समध्ये चार पायांचा काँक्रीटचा टेट्रापॉड तयार झाला, तोच आज मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर दिसतो. आपल्याकडे अशा कामांची लहान प्रतिकृती करून कृत्रिम लाटांत तपासण्याची सोय घाटावर, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात आहे. ही संस्था १९१६ पासून काम करते. तरीही खासगी बंगल्यांच्या भिंती मुकादमाच्या अंदाजाने उभ्या राहतात.

किनाऱ्यावर कायदाही वेगळा. १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना आल्या. २०११ आणि २०१९ मध्ये त्या नव्याने निघाल्या. नदीत हे क्षेत्र कुठवर येते, तर वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यात हजारी पाच भाग क्षार सापडतो तिथवर. पाताळगंगेच्या वरच्या टप्प्यात पूररेषा पाहायची, खालच्या टप्प्यात भरतीरेषा. दोन्हींकडे डोळेझाक केली तर काय होते, ते मार्च २०१९ मध्ये अलिबागजवळ किहीमला दिसले: फरार हिरे व्यापाऱ्याचा समुद्रालगतचा भव्य बंगला जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. पाया इतका मजबूत होता की साध्या यंत्रांनी तो पाडणे जड गेले होते.

वर कर्जत-खालापुरात अशी वेळ येण्याआधी करता येण्यासारखे बरेच आहे, आणि ते खारेपाटाकडून घेता येते. एका वळणावर सहा-सात प्लॉट आणि दोन-तीन शेते असतील तर काठाचे काम सगळ्यांनी मिळून एकाच आराखड्याने करावे. वरच्या स्थिर खडकापासून खालच्या स्थिर खडकापर्यंत. खर्च काठाच्या लांबीवर नव्हे, वाचणाऱ्या जमिनीच्या किमतीवर वाटावा, म्हणजे बंगलेवाल्याचा वाटा मोठा आणि खाचरवाल्याचा नाममात्र राहील. नदीलगतचा पट्टा कुंपणाबाहेर सोडून त्यावर करंज, उंबर, वाळुंज वाढू द्यावे. गुरे पाण्यावर उतरायची जुनी वाट बुजवू नये. परवानगी जलसंपदा विभागाकडून आणि महसूल खात्याकडून, काम सुरू होण्यापूर्वी.

आणि देखभालीला वर्षातले दोन दिवस ठरवून द्यावेत. पहिला मे महिन्यात: वीप होल उघडी आहेत का, गॅबियनच्या तारा कुठे गंजल्या-तुटल्या, तरंगता फलाट वर काढला का. दुसरा दसऱ्याच्या आगेमागे, पाणी उतरल्यावर: पायथ्याचे दगड किती घसरले, टोकांमागे पोकळी पडली का, समोरचा काठ गेल्या वर्षीपेक्षा किती तुटला. समोरच्या काठाचे मापही आपल्याच वहीत लिहावे आणि तिकडच्या शेतकऱ्यासमोर लिहावे. दगड कमी पडले असतील तर ते त्याच हंगामात, दिवाळीपूर्वी भरावेत. पुढच्या मेपर्यंत थांबले की ट्रक मिळत नाहीत आणि मजूर भाजावळीच्या आणि लग्नसराईच्या गडबडीत असतात.